दाढी आबांची, धार माझी

मित्रांनो, मी एक जुना वस्तरा आहे. दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड अडकवतात, तसला नव्हे. माझं पातं अंगचं आहे, पोलादाचं. शिरपूरकडच्या एका लोहाराने मला भट्टीत तापवलं, पाणी दिलं आणि शिंगाच्या मुठीत बसवलं. बळीरामआबांनी सुरतेला येऊन तिथल्या डिंडोली भागात दाढी-कटिंगचं दुकान थाटलं, तेव्हा वडिलांकडून मिळालेला मी त्यांच्या पिशवीत होतो. कापडाच्या लूमवरची, म्हणजे यंत्रमागावरची, पाळी सुटली की कारागीर माझ्यापुढे गाल धरून बसायचे. "आबांचा हात म्हणजे लोणी," म्हणायचे. लोणी मी होतो, पण असो.

पुढे ब्लेडं आली आणि मी घरी बसलो. तरी आबा स्वतःची दाढी माझ्यानेच करत, म्हणून माझी तक्रार नव्हती. गेल्या वर्षी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. बोलणं सुधारलं, उजवा हात मात्र थरथरत राहिला. दसऱ्याला त्यांच्या पत्नीने, शोभाबाईंनी, मला धुतलं, हळद-कुंकू वाहिलं आणि ओलं पातं तसंच मुठीत मिटून देव्हाऱ्यात ठेवलं. भक्ती खरी होती हो! पण सुरतेची दमट हवा. पूजा होऊन गंजलेला मी एकटाच असेन.

इकडे आबांची दाढी छातीकडे निघाली. त्यांची मुलगी रंजना घरी साड्यांवर खडे चिकटवते. जवळच्याच गोडादऱ्यातल्या मुलाशी तिचा साखरपुडा रविवारी ठरला आणि आबा अडून बसले. असल्या अवतारात पाहुण्यांसमोर यायचं नाही, आणि त्यांनी शिकवलेली पोरं आता दुकान चालवतात, तिथे जाऊन दाढी करून घ्यायचीही नाही.

"ज्यास्ले मी हात धरीसन शिकाडं, त्यास्नापुढे हाऊ थरथरता हात लिसन बसू का?"

लेकीच्या साखरपुड्याला बाप नाही, ही कल्पनाच रंजनाला सोसेना. तिने मला उघडलं. गंजाचे ठिपके पाहून तिचं तोंड उतरलं, पण म्हणाली, "मंग मी करसू तुमनी दाढी."

धारेच्या दगडावर पाणी शिंपडून, पाठ आणि धार दोन्ही टेकवून तिने मला घासलं. मग खिळ्याला चामड्याचा पट्टा ताणला. धार पुढे करून ओढलं आणि पट्ट्याला चीर गेली.

"पाठ पुढे, धार मांगे!" आबा ओरडले. "आनि पाठवर उलटाव, बेटा."

मग फुग्यांना साबणाचा फेस लावून सराव सुरू झाला. फुगे फटाफट फुटत, शोभाबाई दचकून देवाचं नाव घेत. एक फुगा अखेर न फुटता स्वच्छ झाला, तेव्हा मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

रविवारी सकाळी गरम टॉवेल झाला, फेस झाला. रंजनाने डाव्या हाताने आबांच्या गालाची कातडी ताणली. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. हनुवटीखाली आलो आणि आबांचा गळा हलला. ती थांबली.

"भिऊ नको," आबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

एकच बारीक ओरखडा आला. त्यावर तुरटी फिरवली. आबांनी थरथरता हात गालावरून नेला.

"बराबर," ते म्हणाले. मग हळूच, "तुन्हं लगीन व्हयनं म्हनजे मन्ही दाढी कोन करी?"

"आबा, गोडादरा कितलं दूर शे? दर रविवारे इसू."

"आनि जवाई काय म्हनी?"

"त्यानी बी करी दिसू!"

आबा इतके हसले की शोभाबाई आतून धावत आल्या. मग सदरा घालून ते पाहुण्यांत जाऊन बसले.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू पडून असेल. तिला कोरडं पुसा, खोबरेल तेलाचं बोट लावा आणि मुख्य म्हणजे कामाला लावा. रंजनाचं लग्न होऊन आता काही महिने झाले. मी रविवारची वाट पाहतो. आबा तर शनिवारपासूनच गालावर हात फिरवत बसतात.