केसरबाई टायरवरून उठेनात

शनिवारी दुपारी चारच्या आत गाडीची चारही चाकं बदलून चाकणच्या यार्डात दाखवली नाहीत, तर सोमवारपासूनचं काम दुसऱ्या गाडीला जाईल, असा निरोप सिद्धेश ओव्हाळला मिळाला होता. निरोप अरुंधती मॅडमचा होता, म्हणजे त्यात घासाघीस नव्हती.

मोबाइल टॉवरच्या दुरुस्तीला जाणाऱ्या माणसांना डोंगरावर पोचवायचं, हे सिद्धेशचं काम. भामा-आसखेड धरणाच्या मागे काही टॉवर असे उभे आहेत की तिथवर साधी गाडी चढत नाही, आणि ऑगस्टच्या चिखलात तर नाहीच नाही. सिद्धेशची बोलेरो सोळा वर्षांची, रंग उडालेली, पण चारही चाकांनी ओढणारी. त्या एका गुणावर कासारवाडीतलं त्याचं घर चाललं होतं. अरुंधती मॅडम ठेकेदाराकडे सुरक्षेचं बघायच्या. बुधवारी त्यांनी टायरच्या खाचेत नाणं उभं केलं, तर ते जवळजवळ सगळंच बाहेर राहिलं. मग त्यांनी वाकून चाकं तपासली. पुढची एक डिस्क, म्हणजे टायरमधली लोखंडी चकती, दगडावर आपटून वाकलेली, मागच्या एकीला वेल्डिंगचा डाग.

"या चाकांवर माझी चार माणसं वर जाणार नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या.

नव्या टायरचा आणि डिस्कचा भाव सिद्धेशने तीन दुकानांत विचारला आणि तिन्ही ठिकाणांहून "सांगतो" म्हणून बाहेर पडला. शेवटी कुणीतरी ज्योतीरामशेठचं नाव सुचवलं. कुदळवाडीतली भंगाराची दुकानं उठल्यावर याने मोशीच्या पुढे, आळंदीच्या रस्त्याला, पत्र्याचं शेड टाकलं होतं. ज्योतीरामने मोबाइलवर फोटो पाठवला: चार चकचकीत अलॉय, म्हणजे हलक्या धातूच्या शोभिवंत डिस्क, टायरसकट. 'डॉक्टरांच्या गाडीचे आहेत, खडी कशी असते ते यांना माहीत नाही.' भाव नव्याच्या निम्म्याहून कमी होता.

शनिवारी सकाळी सिद्धेशची आई, केसरबाई, गाडीत होत्या त्या टायर बघायला नव्हे. त्यांना आळंदीला बहिणीकडे जायचं होतं आणि शेड वाटेवरच होतं.

"आई, तू गाडीतच बस. दहा मिनिटांत आलो."

"बसते की. पर खिडकी खाली कर, उकडतंय."

टायर खरोखरच देखणे होते. माप बरोबर जुळत होतं, खाचा खोल होत्या. बाजूवर टायर कधी बनला त्याचे चार आकडे असतात, तेही सिद्धेशने वाचले. जेमतेम दोन वर्षांपूर्वीचे. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याने मोकळा श्वास घेतला. आता बाराला चाकं चढली की दोनपर्यंत चाकण. तळेगाव चौकातली वाहतूक धरली तरी तीन.

"लावा," तो म्हणाला. ज्योतीराम जॅक आणायला वळला.

तोवर केसरबाई खाली उतरल्या होत्या. भोसरीतल्या एका रिमोल्ड कारखान्यात त्यांनी एकोणीस वर्षं काढली होती. तिथे झिजलेल्या टायरवर रबराचा नवा पट्टा चढवत, पण टायर त्या लायकीचा आहे का, हे आधी कुणीतरी ठरवावं लागे. ते ठरवणारा पहिला हात केसरबाईंचा असे. त्या वाकल्या आणि एकेका टायरच्या अंगावरून सावकाश तळवा फिरवू लागल्या. पहिला झाला, दुसरा झाला. तिसऱ्यावर हात थांबला, मागे गेला, पुन्हा त्याच जागी आला. मग त्यांनी नखाने तिथे खरवडलं.

"हितं चीर व्हती," त्या म्हणाल्या. "रबर भरून वरनं काळं फासलंय. आतनं पॅच असंल."

ज्योतीराम हसला. "मावशी, ती साच्याची रेघ आहे. सगळ्याच टायरना असते."

"साच्याची रेघ मला नका सांगू." त्यांनी टायरवर गुडघा दाबला. "आन् हवा किती ठिवलीय ह्यात? अर्धी पन न्हाई. मीटरवर चाळीस मारा, चीर फुगती का बघू."

"उभ्या मालात हवा कमीच ठेवतात." ज्योतीराम सिद्धेशकडे वळला. "भाऊ, घ्यायचंय की नाही तेवढं सांगा. मागे गिऱ्हाईक आहे."

सिद्धेशने वाकून पाहिलं. त्याला काहीच दिसलं नाही. तळवा फिरवला, तरी काही कळलं नाही. घड्याळात सव्वाबारा झाले होते. पण आईचा हात त्याला माहीत होता. लहानपणी ताप किती आहे हेही ती त्याच हाताने सांगायची आणि थर्मामीटर नंतर तेच दाखवायचा.

"एवढा एक बदलून द्या मग," तो म्हणाला.

ज्योतीरामने आतून दुसरा टायर गडगडत आणला. तो बाकीच्यांपेक्षा दोन बोटं उंच होता. सिद्धेशने मान हलवली. दोनच चाकं ओढणाऱ्या गाडीत एखादा ड्रायव्हर तेवढं खपवून घेईल. पण चारही चाकं एकदम ओढायला लागली की उंच-ठेंगणं चालत नाही. आतल्या गिअरच्या पेट्या एकमेकींशी झगडतात आणि ऐन चढावर दगा देतात.

"राहू द्या. चल आई, दुसरीकडे बघू."

दुसरीकडे कुठे, हे त्यालाही माहीत नव्हतं.

तेवढ्यात फाटकातून दुसरी बोलेरो आत आली. तीही जुनी, तीही चारही चाकांनी ओढणारी. धनेश उतरला. एकाच ठेकेदाराकडे दोघांच्या गाड्या होत्या. ओळख होती, मैत्री नव्हती. एकाचं काम गेलं की ते दुसऱ्याला मिळायचं. अरुंधती मॅडमनी त्यालाही चारचीच वेळ दिली होती.

"घ्या," ज्योतीराम त्याला म्हणाला. "तुमच्या नशिबात होते."

धनेशने चारही टायर पाहिले आणि तोही खूश झाला. सिद्धेश गाडीकडे निघाला. मागे पाहतो तर आई जागच्या जागीच.

"बाबा," त्या धनेशला म्हणत होत्या, "त्यो तिसरा घेऊ नगं. त्यात चीर हाय."

धनेश हसला. "वा मावशी! मालात खोट काढायची, गिऱ्हाईक घालवायचं आणि मग पोराने तोच सेट आणखी स्वस्तात उचलायचा. चांगलंय."

केसरबाईंनी पदर खोचला, आडवं पडलेलं ते चाक पायाने जरासं सरळ केलं आणि त्यावर बसल्या.

"उठा मावशी," ज्योतीराम म्हणाला.

"हवा मारा. मग उठते."

"माझा माल आहे, माझं दुकान आहे!"

"व्हय. हवा मारा."

शेजारच्या चहाच्या टपरीवरून तिघंचौघं येऊन उभे राहिले. एकाने मोबाइल वर धरला. सिद्धेश पुढे आला. "आई, काय लावलंय? ऊठ. माझं काम चाललंय हातातलं. त्याचं तो बघेल."

"त्याला दिसत न्हाई म्हणून तर बसले."

"तो आपला कोण लागतो?"

साठी ओलांडलेली ती बाई, गुडघे धरून, रस्त्याकडे बघत तशीच बसून राहिली. पाऊण वाजला. ज्योतीराम शेडमध्ये गेला, बाहेर आला, पुन्हा गेला. मग एकदम अंगावर आला. "ए म्हातारे, उठतेस का उचलून ठेवू?"

सिद्धेश मध्ये उभा राहिला. "हात लावून बघ," तो म्हणाला. आईचा त्याला विलक्षण राग आला होता, पण आवाज निघाला तो असाच.

दोघं एकमेकांच्या इतके जवळ आले होते की आता पहिला धक्का कुणाचा एवढंच उरलं होतं. मागून धनेश वैतागून ओरडला, "शेठ, मारून टाका ना हवा! दोन मिनिटांचं काम. मलाही चारला पोचायचंय."

ज्योतीरामने आधी पाईपकडे पाहिलं, मग टायरकडे. तेवढ्या थांबण्याने धनेशचा चेहरा पालटला.

"मारा हवा," तो म्हणाला, या वेळी हळू.

केसरबाई उठल्या. नखाने खरवडलेली बाजू त्यांनी वर करून ठेवली आणि सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. टपरीवरची माणसं हलली नाहीत. कंप्रेसर सुरू झाला. ज्योतीराम उकिडवा बसला, त्याने पाईप व्हॉल्व्हवर दाबून धरला. मीटरवर वीस. पंचवीस. काहीच झालं नाही. तिशीला ज्योतीरामने मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. सिद्धेशला वाटलं, आता आईला माफी मागावी लागणार.

पस्तीसच्या पुढे टायरचं अंग एका जागी उचललं गेलं. आधी सुपारीएवढं, मग लिंबाएवढं. काळा रंग तडकला आणि खालून करड्या रबराची वीतभर रेघ उघडी पडली. फुगा वाढतच होता. ज्योतीराम त्याच्याकडे टक लावून बघत राहिला आणि हातातला पाईप तसाच दाबलेला. त्याचं तोंड फुग्यापासून हातभर अंतरावर होतं.

"सोड!" केसरबाई किंचाळल्या. "तोंड मागं घे, फुटंल!"

तो हललाच नाही. सिद्धेशने त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं. पाईप सुटला, पण फुगा तसाच होता. आतल्या तारा कडकडल्यासारखा बारीक आवाज आला. सिद्धेश जमिनीवर पालथा पडला, हात लांब केला आणि किल्लीच्या टोकाने व्हॉल्व्ह दाबून धरला. हवा फुस्स करत निघू लागली. फुगा बसला, तेव्हा टपरीवरची माणसं कधीच रस्त्यापलीकडे गेली होती.

ज्योतीराम धडपडत उठला.

"मीही घेतानाच फसलो," ज्योतीराम म्हणाला. खरं की खोटं, कुणी विचारलं नाही.

धनेशने घाम पुसला आणि बाजूला जाऊन फोन लावला. परत आला तेव्हा तो सिद्धेशकडे बघत नव्हता. "पुनावळ्याला ओळखीचं दुकान आहे. नवी गाडी घेतली की हौशी लोक तिथे येऊन अलॉय चढवतात. उतरवलेले कंपनीचे टायर आणि लोखंडी डिस्क तो स्वस्तात विकतो. दिसायला अगदीच साध्या, म्हणून मी गेलो नव्हतो. आत्ता एकच सेट आहे."

सिद्धेशला पुढचं कळलं. दुकान धनेशच्या ओळखीचं, गरज त्यालाही तेवढीच.

"जा तू," सिद्धेश म्हणाला.

"पुढचा आला की पहिला फोन तुम्हाला. शब्द आहे." केसरबाईंकडे बघून धनेशने मान लववली आणि गाडी काढली.

गाडी आळंदीकडे निघाली. सिद्धेशने निघायच्या आधीच मॅडमना फोन केला होता. त्या म्हणाल्या, "टायर मिळाल्यावर या," आणि काम धनेशला लावलं. निदान एक आठवडा गेला होता, कदाचित दोन.

"त्याला वाचवलंस, माझं काय?" शेवटी तो म्हणाला. "तो सोमवारी माझ्या जागी जाणार."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय, आई?"

केसरबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कारखान्यात एकदा असाच टायर आला व्हता. बशीचा. मी बाजूला ठिवला. सुपरवायजर म्हनला, आज माल कमी हाय, पास कर. मी हात लावून न्हाई म्हनले. त्यो म्हनला, केसर, उद्या यायचंय का कामाला? तू तवा दुसरीत व्हतास. मी खडूनं बरोबरची खूण केली. त्यो कुठल्या बशीला लागला, कुठं गेला, कायबी कळलं न्हाई. पेपरात बशीच्या अपघाताची बातमी आली की शेजारनीकडनं वाचून घ्यायची मी. अजून घेते."

सिद्धेशने गिअर बदलला. आळंदीत मावशीच्या दारात त्याने आईची पिशवी उतरवून दिली, आणि एरवी निघून जायचा तो आत जाऊन चहा पिऊन निघाला.

धनेशने शब्द पाळला. पुढच्या गुरुवारी फोन आला. सिद्धेश आईला घेऊनच पुनावळ्याला गेला. काळ्या रंगाच्या साध्या लोखंडी डिस्क, शोरूम ते दुकान एवढंच चाललेले टायर. केसरबाईंनी चारही टायर डिस्कवरून उतरवायला लावले, आतून हात फिरवला आणि दुकानदार कपाळाला हात लावेपर्यंत दोनदा तपासले. मग म्हणाल्या, "चढवा." शनिवारी अरुंधती मॅडमनी खाचेत नाणं उभं केलं, डिस्कवर बोटांनी टकटक केलं आणि कागदावर सही केली.

सोमवारी चार माणसं घेऊन तो वर निघाला. धरणाच्या मागे शेवटच्या चढावर डावीकडे कडा आहे आणि रस्ता असा नाहीच, लाल चिखल आहे. त्याने चारही चाकांचा गिअर टाकला. मध्यावर मागचं चाक गरगर फिरलं, गाडी कड्याच्या बाजूला वीतभर सरकली आणि मागे बसलेल्यांच्या गप्पा एकदम थांबल्या. सिद्धेशने पाय हलवला नाही. पुढच्या टायरने खालचा खडक धरला, मग मागच्याने, आणि गाडी हळूहळू, कण्हत, वर चढत गेली.

टॉवरपाशी पोचल्यावर माणसं उतरली, अवजारं काढू लागली. त्यांतल्या एकाने चाकाकडे पाहत विचारलं, "नवे घातले का हो?"

"नवेच म्हणायचे," सिद्धेश म्हणाला. तो घोटभर पाणी प्यायला आणि उतरायला सोपं जावं म्हणून त्याने गाडी वळवून ठेवली.