सहा सिलिंडरला दोन नळ्या

शेवटच्या शनिवारी बाबा आणि मी दोन तास एकाच गोष्टीवरून भांडलो: गाडीला एक्झॉस्टची नळी एक लावायची की दोन.

गाडी बाबांची स्वतःची होती. आयुष्यभर लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या आणि साठी उलटल्यावर एका बंद गोदामातून ही भंगाराच्या भावात उचलून आणली. माझ्या जन्माआधीची, लांब नाकाची, ओळीत सहा सिलिंडर असलेली. नऊ वर्षं ती गॅरेजच्या मागच्या अर्ध्या भागात उभी होती. इंजिन झालं, ब्रेक झाले, सीटा झाल्या. रंगाचं अजून फक्त करडं अस्तर लागलं होतं. राहिलं होतं ते पोटाखालचं काम.

"कारखान्यातून एकच नळी लावून आलीय," मी म्हणाले.

"कारखान्यातून आली तेव्हा पट्टेही नव्हते सीटला. ते काढू का?"

"दोन नळ्यांनी जोर वाढत नाही. या इंजिनाचा दमच बेताचा. नळ्या दोन केल्या की धुराचा वेग मरतो, मग चढावर ओढ कमी पडते. शिवाय दोन्ही नळ्या नीट तापत नाहीत, आत पाणी धरतं, दोन वर्षांत गंजतात. हे सगळं तुम्हीच शिकवलंय मला."

"चुकीचं शिकवलं असेन. तू मुद्रितं तपासतेस ना? कर दुरुस्त."

मी एका प्रकाशनात मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळतो, असं बाबा ओळख करून देताना सांगत. शनिवारी दुपारी सुटले की मी गॅरेजवर जात असे.

समोरचा सायलेन्सरवाला रस्ता ओलांडून आला. तीस वर्षं त्याचं दुकान समोरच. नळ्या वाकवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि बोलण्यातही.

"नाकापेक्षा मोती जड," तो गाडीखाली वाकून म्हणाला. "इकडे पेट्रोलची टाकी, तिकडे स्टेपनी. दुसरी नळी नेऊ कुठून? तुझ्या गळ्यातून?"

"ने की," बाबा म्हणाले. "तेवढाच धूर निघेल आतला."

"अरे, दोन नळ्या मागायला आलेल्या किती पोरांना तू हाकललंस! एकीनं भागतं, दुसरी मिरवायला, हे वाक्य कोणाचं?"

"त्या पोरांच्या गाड्या चार सिलिंडरच्या होत्या. हिचे सहा आहेत. पुढच्या तिघांना एक, मागच्या तिघांना एक. आवाज भरीव येतो."

"आवाजाला काय चाटायचंय या वयात?"

बाबा हसले. ते सायलेन्सरवाल्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यानं तोंड मिटल्यावर अर्ध्या क्षणानं हसले. तो अर्धा क्षण मला ओळखीचा होता. मी एका नळीच्या बाजूची सगळी कारणं दिली, त्यांनी दोन नळ्यांच्या बाजूची सगळी दिली. खरं कारण दोघांनीही काढलं नाही. बाबांना ऐकू येत नव्हतं.

गल्लीत त्यांना कानसेन म्हणत. गाडी वळणावरून आत शिरतानाच ते सांगत, तिसऱ्याचा व्हॉल्व्ह ढिला आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटून उभे राहत, तेव्हा गिऱ्हाईकही श्वास धरून उभं राही. साधारण दोन वर्षांपूर्वी मला दिसलं, की मूठ कानावरून मागच्या हाडावर सरकली आहे. नंतर एकदा, आपल्याकडे कोणी बघत नाही असं वाटून, त्यांनी ती दातांत धरलेली मी पाहिली. चाळीस वर्षं हातोडे आणि उघडी इंजिनं कानाशी वाजल्यावर असं होणारच होतं. बारीक, उंच आवाज आधी गेले: दाराची घंटा, फोन, आईची हाक. जाडे आवाज उरले होते.

मग गेल्या वर्षी गाडीचा जुना सायलेन्सर कुजून गळून पडला आणि इंजिन उघडंच धडधडलं. गल्लीनं कानांवर हात ठेवले. बाबा बॉनेटशी डोकं जरा कलतं करून उभे राहिले, बराच वेळ. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी दोन नळ्यांचा विषय काढला.

मी ते बोलले नाही. आधी वाटलं, ते स्वतःच सांगतील. मग वाटलं, कानसेनाला हे कोणत्या तोंडानं सांगायचं. पुढे मी सोयी करत गेले. त्यांच्या उजव्या हाताला उभी राहू लागले, कारण उजवा कान जरा बरा होता. गिऱ्हाईक काय म्हणालं ते मी माझाच प्रश्न असल्यासारखं मोठ्यानं पुन्हा विचारायची: "म्हणजे गिअर बदलतानाच गचका बसतो, असं का?" बाबा लगेच उत्तर द्यायचे. यात मला एक सुख होतं, हेही लिहिलं पाहिजे. लहानपणापासून गॅरेजमध्ये मी पाहुणी होते. आता त्यांना मी लागत होते.

त्या शनिवारी काहीच ठरलं नाही. बाबांनी हात पुसले आणि म्हणाले, "वकीलीणबाई, सोमवारी मी दुसऱ्या नळीची रबरं आणतोय. नळी टांगायला रबरं लागतात. ती आणली की वाद संपला."

"आणा. मी काढून टाकीन," मी म्हणाले.

ते बहुधा त्यांना ऐकू आलं नाही.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास, जुन्या सुट्या भागांच्या बाजारात, रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या ट्रकखाली सापडून बाबा गेले. ते एका टोपलीवर वाकलेले होते. पाठ ट्रककडे होती.

पुढचे दिवस कागदांत गेले. कागद मला जमतात.

दुसऱ्या आठवड्यात ट्रकवाला घरी आला. माझ्याच वयाचा असेल. जिन्यातच उभा राहिला, पायरीवर चप्पल काढून. "ताई," तो आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "मी हॉर्न दिला होता. तीनदा दिला. हॉर्न ऐकला की माणूस बाजूला होतोच, म्हणून..." आईनं दार लावून घेतलं. मी तिच्या मागे उभी होते. दार माझ्या हाताच्या अंतरावर होतं, आणि मी ते उघडलं नाही.

काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, हे ऐकून पेटले. "चोराच्या उलट्या बोंबा! हॉर्न दिला म्हणे! आमच्या दादाला दोन गल्ल्यांपलीकडची घरघर ऐकू यायची, आणि पाठीमागचा हॉर्न नाही आला?" काका सरकारी कचेरीत जन्म काढून निवृत्त झालेले, अर्ज करणं हा त्यांचा शोक करण्याचा मार्ग होता. त्यांनी निवेदन लिहिलं: मयताची श्रवणशक्ती असामान्य तीक्ष्ण होती, सबब हॉर्न वाजलाच नव्हता हे उघड आहे. चौकशी पुढच्या सोमवारी होती. ट्रकवाल्याचा परवाना अडकवून ठेवला होता. चौकशीत तो खोटं बोलला असं ठरलं तर परवाना जाणार होता, आणि तो स्वतः कदाचित तुरुंगात. काकांनी गल्लीतल्या अकरा जणांच्या सह्या घेतल्या. अकराही जणांनी मनापासून केल्या. निवेदन व्याकरणाच्या दृष्टीनं तपासायला काकांनी ते मला दिलं. मी दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि परत केलं.

शनिवारी सायलेन्सरवाल्याचा निरोप आला: गाडी रॅम्पवर घेतली आहे, एक की दोन ते येऊन सांगा, नळी कापायची आहे. काका म्हणाले, तिथेच त्याचीही सही घेऊ. आई कधी नव्हे ती निघाली. गॅरेजच्या भागात ती वर्षानुवर्षं आली नव्हती.

गाडी डोक्याच्या उंचीवर होती. खालून ती वेगळीच दिसत होती, कोणाची नसल्यासारखी. सायलेन्सरवाल्यानं आईला खुर्ची दिली, पुसून.

"दोन," कोणी विचारायच्या आत काका म्हणाले. "दादाची शेवटची इच्छा. यात काय विचारायचं?"

"इच्छा कसली," सायलेन्सरवाला म्हणाला. "हट्ट. माझ्या जिवावर उठला होता. पण करीन. टाकी थोडी सरकवावी लागेल, उष्णता लागू नये म्हणून मध्ये पत्रा घालीन. जमेल." मग माझ्याकडे वळून: "तू एकवाली ना? तू का गप्प?"

"आता तिचं काय असायचंय," काका म्हणाले. "बापाशी भांडायची हौस होती, फिटली. ही सही करा आधी. इथे, माझ्या बोटाशी."

सायलेन्सरवाल्यानं चष्मा लावून निवेदन वाचलं. सावकाश, ओठ हलवत. पेन घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"खरंय," तो म्हणाला. "त्याच्यासारखा कान नव्हता कोणाचा. फक्त एक माझ्या डोक्यात बसत नाही. गेल्या वर्षभरात मी रस्त्यापलीकडून हाक मारली की तो यायचा नाही. आधी एका हाकेत यायचा. मी म्हटलं, दोस्त रागावला कशावरून तरी. एकदा विचारलंही. तर म्हणाला, तुझी हाक ऐकण्यापेक्षा इंजिन ऐकावं."

"तसंच होतं त्यांचं," आई म्हणाली. ती मांडीवरच्या पिशवीचा बंद ओढत होती. "तुम्ही परके, म्हणून विचारलं तरी. मी विचारायचंही सोडलं होतं. स्वयंपाकघरातून बोलत राहायचं, बोलत राहायचं, हे आपले पेपरात. पालथ्या घड्यावर पाणी. आधी असे नव्हते. शेवटची दोन वर्षं मी मनातून उतरले होते त्यांच्या, दुसरं काय?"

काका म्हणाले, "वहिनी, असं काही नसतं."

"असतं," आई म्हणाली. "तुम्हाला काय कळायचंय? मला कळतं ना."

ती हे रडत म्हणाली नाही. भाजी संपली आहे, अशा स्वरात म्हणाली. दोन वर्षं ती हे घेऊन त्याच घरात वावरत होती. मी दर रविवारी तिथे जेवत होते, बाबांच्या उजव्या हाताला बसून.

सायलेन्सरवाल्यानं पेन कागदावर टेकवलं.

"थांबा," मी म्हणाले. "सही करू नका. आणि नळी एकच लावा."

"हे काय आता?" काका म्हणाले. "गेलेल्या माणसाशीही वाद?"

"एवढं तरी त्यांच्या मनासारखं होऊ दे गं," आई म्हणाली. "दोन हव्या होत्या त्यांना."

"हव्या होत्या, कारण एका नळीचा आवाज त्यांना पोचत नव्हता." माझा आवाज मोठा निघाला. गॅरेजमध्ये मी दोन वर्षं तसाच काढत होते, तशी सवयच लागली होती. "दोन नळ्यांचा पोचला असता. आई, बाबांना ऐकू येत नव्हतं. तुझंही नाही, यांचंही नाही, घंटाही नाही. तू मनातून उतरली नव्हतीस, त्यांना तुझा आवाज येत नव्हता. दोन वर्षं झाली. मला माहीत होतं आणि मी कोणालाही सांगितलं नाही, त्यांनासुद्धा नाही. त्या माणसानं हॉर्न दिला असणार, काका. तीनदा दिला असणार."