छत्रीचं प्रवाळ

थोरले भाऊजी चिंगशुई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ताइनानच्या दवाखान्यात भरती झाले, तेव्हा त्यांची प्रवाळांची टाकी माझ्या गळ्यात पडली. "तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंस श्युएफेन, तुला काय सांगायचं," असं म्हणत त्यांनी तासभर सांगितलंच. पाणी आटलं की गोडं पाणी घालायचं, खारं नाही. लांब धाग्यांच्या जातीजवळ दुसरं काही ठेवायचं नाही, ती शेजाऱ्याला भाजून काढते. आणि ते चामड्यासारखं, छत्रीच्या आकाराचं प्रवाळ अधूनमधून रुसतं, त्याला रुसू द्यायचं. मी नुसतं हो हो म्हटलं.

जाऊबाई गेल्या त्या वर्षी भाऊजींनी ते आणलं होतं. तेव्हा अंगठ्याएवढं होतं, आता एकोणीस वर्षांनी ताटाएवढं झालं होतं.

पाचव्या दिवशी त्याने आपली बारीक बोटं आत ओढून घेतली. मग ते आक्रसलं, राखाडी पडलं, अंगावर मेणासारखा थर आला. मेलेलं प्रवाळ सडून सगळं पाणी नासवतं, हे मला ठाऊक होतं. दवाखान्यात एक फोन केला असता तर भागलं असतं. आजारी माणसाला कशाला त्रास, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मला विचारायची लाज वाटली. मी ते दगडावरून खरवडून काढलं आणि कचऱ्याच्या गाडीची धून ऐकू आली तशी पिशवी बांधून देऊन टाकली.

भाऊजी काठी टेकत घरी आले आणि टाकीसमोर स्टुलावर बसले. दगडावरची रिकामी जागा त्यांनी पाहिली.

"वास येत होता का गं त्याला?"

"नाही."

"मग ते कात टाकत होतं. पंधरा दिवसांत थर गळून पडला असता."

रागावले नाहीत. चहा मागितला. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी आनपिंगला लूंकडे गेले. हे भाऊजींचे जुने मित्र. त्याच प्रवाळाचा एक तुकडा भाऊजींनी त्यांना दिला होता, पण तीन वर्षांत त्यांनी आमच्याकडे पाऊल टाकलं नव्हतं. "प्रवाळ मिळालं, आता मी कशाला हवा," असं भाऊजी म्हणायचे.

नखाएवढा तुकडा द्या, म्हणून मी विनवलं. लू कितीतरी वेळ हात पुसत राहिले. त्यांच्या टाकीत फक्त मासे होते.

"राखाडी झालं म्हणून मी फेकून दिलं," ते म्हणाले. "मागाहून कळलं. मग चिंगशुईच्या दारात जायचं तोंड राहिलं नाही."

या आणि स्वतःच सांगा, असं मी म्हटलं तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवली. पण दोन दिवसांनी माशाच्या पेजेचा डबा घेऊन ते आले आणि उभ्याउभ्याच सगळं बोलून मोकळे झाले.

"एवढ्यासाठी तीन वर्षं तोंड लपवलंस, गाढवा?" भाऊजी म्हणाले. मग हळूच म्हणाले, "देताना सांगायला हवं होतं मी."

तिघांनी पेज खाल्ली.

हिवाळ्यात भाऊजी मुलीकडे तायपेईला गेले तेव्हा टाकी सांभाळायला घराची किल्ली त्यांनी लूंना दिली. मला विचारलंही नाही. त्यांचं काही चुकलं नाही, तरी ते कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.