तिसरं नाव

कोपराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला तो कापसाचा बोळा – करंगळीच्या नखाएवढा, वर मातकट रंगाची पट्टी – कालपासून तिनं काढलाच नव्हता, आणि आता ओट्यापाशी उभं राहून इल्दिकोनं पट्टीचं एक टोक सोडवलं तेव्हा खाली निळसर डाग पसरलेला दिसला. नर्सचा हात जड. डाग रंगाखाली झाकता येईल, पण मेकअपवाली कुरकुर करणार, आणि तिचे पैसेही हल्ली आपल्यालाच द्यावे लागतात… तिचे, नखांचे, केसांचे, दर दोन आठवड्यांनी होणाऱ्या या रक्ततपासणीचे. कंपनीचं म्हणजे एका दिवसापुरतं भाड्याचं घर, कॅमेरे आणि दुपारची गार सँडविचं. बाकी सगळं हे – हा दंड, ही कातडी, हा डाग – आपलं.

रिपोर्ट मात्र सकाळीच फोनवर आला होता. स्वच्छ. तो पाहून तिनं कॉफी केली होती.

फोन वाजला तो सिलार्दचा. सिलार्द तिचा एजंट. फक्त प्रौढांसाठी असलेल्या फिल्ममधली कामं तोच आणायचा आणि प्रत्येक कामात आपला वाटा आधी कापून घ्यायचा. सकाळी तो कधी फोन करत नसे.

"निघालीस का?"

"निघतेच आहे."

"नको निघू. आज काम नाही. कुणाचंच नाही."

मग त्यानं खालच्या आवाजात सांगितलं, की एका नटाचा रिपोर्ट वाईट आलाय. पुन्हा तपासायला दिलाय. तोवर बुडापेस्टमधलं सगळं शूटिंग बंद. कुठला आजार हे त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. असल्या फोनवर एकाच आजाराचं नाव गाळलं जातं. कुणाचा रिपोर्ट, एवढं तिनं विचारलं.

"ते मी सांगायचं नसतं, तुला माहीत आहे. तू एवढंच सांग, मागच्या तपासणीपासून कालपर्यंत कुणाकुणाबरोबर काम केलंस?"

तिनं दोन नावं सांगितली. दोन्ही त्यानंच ठरवून दिलेल्या कामांतली.

"आणखी कुणी?"

"आणखी कोण असणार?"

आवाज कसा बरोबर लागला. जरासा कंटाळलेला, झोपेतला. इतक्या वर्षांत शरीराला जे शिकवलं ते आवाजालाही आलंच की… सिलार्द म्हणाला, "बरं. घरीच राहा, इल्दी. घाबरू नकोस, तुझा रिपोर्ट स्वच्छ आहे," आणि त्यानं फोन ठेवला. मग गुडघ्यांतून भीती वर चढू लागली. गार पाण्यात उतरताना पाणी चढत जातं तशी, अगदी सावकाश, एकेक जागा ओलांडत.

तिसरं नाव होतं. गेर्गो.

मागच्या गुरुवारी तो इथे होता, या खोलीत, त्या खिडकीखालच्या कोचावर. कुणी कुणाला पैसे दिले नव्हते. इंटरनेटवर तिचं स्वतःचं एक पान होतं – लोक महिन्याची वर्गणी भरून बघतात ते – आणि त्याचं एक होतं. दोघांनी मिळून शूट करायचं आणि ज्यानं त्यानं आपापल्या पानावर टाकायचं, अशी ती फिट्टंफाट. सिलार्दला कळता कामा नये. त्याच्याशी झालेल्या करारात असं बाहेरचं काम बसत नव्हतं. मागच्या वर्षी एकीला त्यानं एवढ्यावरून काढून टाकलं होतं. ती सव्वीस वर्षांची होती, तिला दुसरीकडे घेतलं. छत्तिसाव्या वर्षी कोण घेणार?

पहिल्या वर्षी कामं आपणहून दारात यायची. नवा चेहरा. ते वर्ष सरलं तेव्हा सिलार्दनं तिला एका कॅफेत बसवून, स्वतःच्या हातानं तिच्या कॉफीत साखर घालून समजावलं होतं, की या धंद्यात विकायला खरं म्हणजे एकच गोष्ट असते – 'पहिल्यांदा'. काल ज्याला नाही म्हणत होतीस त्याला आज हो म्हटलंस की भाव चढतो. दुसऱ्या खेपेला तोच उतरतो. म्हणून नकार जपून खर्च कर. आणि तिनं ते तसे खर्च केले, घर चालवण्यासाठी एखादी बाई एकेक बांगडी मोडते तसे. दर खेपेला वाटायचं, एवढी एक, मग बास. एक दिवस मोडायला काही उरलंच नाही. फिल्म मात्र राहिल्या. सही केली की ठोक रक्कम हातात, त्यानंतर फिल्म त्यांची, कायमची. आत्ता, या घटकेला, कुठल्या तरी गावात कुणीतरी माझं चोविसाव्या वर्षीचं अंग बघत असेल, आणि त्यातली फुटकी कवडी माझ्याकडे येत नाही. ती चोवीस वर्षांची बाई अजून राबतेच आहे. आणि मी इथे…

पानाचे पैसे येत होते, पण तिथेही लोकांना सारखं नवं काहीतरी हवं असायचं. नाही म्हणायला ऑस्ट्रियातल्या ग्राझचा एक म्हातारा होता. त्याला शरीराचं विशेष काही नव्हतंच. तो आपल्या आजारी कुत्र्याबद्दल लिहायचा, आणि 'आज बरं आहे का त्याला' एवढ्या तिच्या उत्तराचे, शूटिंगच्या अर्ध्या दिवसाला मिळत नसतील इतके पैसे द्यायचा. पण तसा एकच. बाकीचे महिनाअखेरीस गळत होते. तेव्हाच गेर्गोचा निरोप आला.

गेर्गो काही वाईट माणूस नव्हता. पुरुषांना या धंद्यात बायकांहून कमी मिळतं, म्हणून तो धावपळ करायचा, कुणाचंही काम घ्यायचा. येताना आईनं भाजलेल्या चीजच्या पोगाचांची, छोट्या खाऱ्या पावांची, पिशवी घेऊन आला होता, अजून कोमट. त्यानं फोनवर आपला रिपोर्ट दाखवला आणि लगेच अंगठ्यानं वर सरकवला. पण तिला तारीख दिसली. जुनी. मुदत उलटून गेलेली.

दिसली मला. दिसली नाही असं मी स्वतःला सकाळपासून तीनदा सांगून पाहिलं.

खिडकीतून ऊन चांगलं येत होतं. तो इतक्या लांबून आला होता. पोगाचा गरम होत्या… अशा कारणांवर माणूस गप्प बसतो.

तिनं गेर्गोला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग निरोप लिहिला, 'बोलायचंय', आणि निरोपाखाली तो वाचल्याची खूण उमटली. उत्तर आलं नाही. खूण उमटलेली पाहून वाटलेली भीती आधीच्या भीतीपेक्षा निराळी होती. आधी भीती सगळीकडे होती. आता ती कोचावर येऊन बसली.

पुन्हा फोन वाजला. तिनं न बघताच उचलला, आणि पलीकडून आई म्हणाली, "कामावर आहेस का गं, पोरी? की पेशंट नाहीत अजून?"

सोल्नोकला राहणाऱ्या आईच्या लेखी इल्दिको एका दातांच्या दवाखान्यात परदेशी पेशंट सांभाळायची. ही थाप इतकी जुनी झाली होती की त्या दवाखान्यातली भांडखोर सहकारी, तिचा घटस्फोट, डॉक्टरांची नवी गाडी, सगळं आईला पाठ होतं. आईची दाढ दुखत होती. गावच्या डॉक्टरवर तिचा विश्वास नव्हता.

"म्हटलं, तुझ्याच डॉक्टरांना दाखवावी. आपल्या माणसाला जरा कमी घेतील ना? येऊ का या आठवड्यात?"

"या आठवड्यात नको, आई."

"का गं? बरं नाही का तुला?"

"बरी आहे."

"आवाज कसातरी येतोय."

हिला कसा कळतो? सिलार्दला कळला नाही, आणि हिला शंभर किलोमीटरवरून… इल्दिको म्हणाली की सर्दी आहे. आईनं लिंबू आणि मध सांगितला, आल्यावर प्लम भरून उकडलेले गोळे करून घालीन म्हणाली, आणि ठेवताना सहज म्हणाली, "जप हो. तुझं ते काम तोंडाजवळचं. कुणाचं काय लागेल सांगता येत नाही."

इल्दिको मग घरात थांबू शकली नाही. कोट चढवला, ट्राम पकडली आणि लॅबमध्ये गेली. काल ज्या खिडकीशी रक्त दिलं होतं तिथेच उभं राहून तिनं चष्मेवाल्या बाईला विचारलं, की कालचा रिपोर्ट स्वच्छ आहे म्हणजे मागच्या गुरुवारचंही काही नाही, असंच ना? बाईनं मान वर केली. नाही, तसं नाही, ती म्हणाली. इतक्या जवळचं असेल तर रक्तात लगेच दिसत नाही. अजून थोडे दिवस जाऊ द्या आणि पुन्हा या. तोवर जपा, दुसऱ्यांनाही जपा. हे ती निर्विकारपणे बोलली, दुकानदार 'तो माल सोमवारी येईल' म्हणतो तसं. सोमवारपर्यंत काय करायचं ते दुकानदार सांगत नाही.

म्हणजे तो स्वच्छ कागद, ज्याच्या जिवावर सकाळी कॉफी केली, तो कशाचाच पुरावा नव्हता.

ती भिंतीकडेच्या बाकावर बसली. शेजारी कुणी आहे हे तिच्या लक्षातही आलं नाही.

"तुम्ही इल्दिको ना? सिलार्दकडच्या? मी दोरिना. वसंतात त्याच्या ऑफिसात भेटलो होतो."

तेवीस वर्षांची असेल. देब्रेत्सेनची. त्या दिवशी सिलार्दनं हिच्याही कॉफीत साखर घातली होती, हे इल्दिकोला आठवलं.

"अहोजाहो नको करू. मी काही तुझी मावशी नाही."

दोरिना हसली. ती घाबरलेली दिसत नव्हती. मागच्या तपासणीनंतर तिनं काम केलंच नव्हतं, हात मोडलेल्या बहिणीकडे गेली होती. त्यामुळे हे जे काय चाललंय ते दुसऱ्यांचं, अशा सुरात ती बोलत होती. शूटिंग बंद झालं तरी घरभाडं थोडंच बंद होतंय, ती म्हणाली. आता तिनंही स्वतःचं पान उघडलं होतं. मग जरा सरकून, आवाज उतरवून,

"सिलार्दला सांगणार नाहीस ना? उद्या एक जण येतोय माझ्याकडे. दोघांच्या पानांसाठी. गेर्गो. तू ओळखत असशील."

"त्यानं तुझा फोन उचलला?"

"त्यानंच केला की. आत्ता, तासाभरापूर्वी. का?"

इल्दिकोला समोरच्या भिंतीवरचा हात धुण्याचा तक्ता दिसत होता. एकेका चित्रात साबण, पाणी, बोटं. तासाभरापूर्वी. म्हणजे माझा निरोप वाचून झाल्यावर. त्याला माहीत असेल, की नसेल? नसेलच माहीत, कदाचित. पैशांची नड असलेला माणूस नको ते फोन टाळतो आणि हवे ते करतो, मीही सकाळी नको ते नाव टाळलंच की. किंवा माहीत असेल… तिला एवढंच कळत होतं, की आपण आत्ता गप्प बसलो तर कुणालाच काही कळणार नाही. कधीच.

"त्याला बोलावू नकोस," ती म्हणाली.

"का बरं?"

"त्याच्या फिल्म विकल्या जात नाहीत."

दोरिनानं तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या ओठाचा एक कोपरा किंचित वर गेला. "असं होय. तुझे लोक माझ्याकडे वळतील म्हणून सांगतेस?"

ते लागलं, कारण एरवी ते खरं असतं. इल्दिकोच्या मनात आणखी थापा रांगेनं तयार होत्या. तो चिकट आहे. तो उशिरा येतो. तो शब्द पाळत नाही. बारा वर्षांच्या सरावानं त्या एकामागून एक जिभेपर्यंत येत होत्या, आणि प्रत्येकीत इल्दिको सुरक्षित होती.

"मागच्या गुरुवारी तो माझ्या घरी होता," ती म्हणाली. "तुझं ठरलंय तशाच कामासाठी. त्याचा रिपोर्ट जुना होता. मी तारीख पाहिली आणि चालवून घेतलं. आज सकाळी सिलार्दनं विचारलं तेव्हा मी त्याचं नाव घेतलं नाही."

दोरिनाचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ तिथेच राहिलं, काय करावं हे न कळून. मग तिनं बाकावर पसरलेला आपल्या कोटाचा काठ हळूच ओढून घेतला. इल्दिकोच्या कोटाला तो लागत होता. असं केल्याचं तिचं तिलाही कळलं असावं, कारण ती लाल झाली, पण तिनं तो परत सोडला नाही.

"तो म्हणाला होता रिपोर्ट थोडा जुना आहे. मी म्हटलं, चालेल." मग तिनं विचारलं, "तुला झालंय का?"

"माहीत नाही."

"कधी कळेल?"

"लगेच नाही."

आतून दोरिनाच्या नावाची हाक आली. ती उठली, दोन पावलं गेली आणि वळली. चेहरा पांढरा पडला होता, आणि त्यामुळे ती एकदम कुणाची तरी धाकटी बहीण दिसत होती.

"सिलार्दला सांगशील ना? माझ्याशिवाय आणखीही कुणी असेल. त्यानं आणखी कुणालाही फोन केला असेल."

उत्तरासाठी ती थांबली नाही.

बाहेर ऊन होतं. ट्रामच्या थांब्यावर लोक उभे होते, एका बाईच्या पिशवीतून अजमोदाच्या मुळ्या डोकावत होत्या, आणि इल्दिको त्या सगळ्यांपासून थोडी दूर उभी राहिली. कोट अंगाशी आवळून, जणू कुणाला स्पर्शानंही काही होईल. तसं होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती दूर उभी राहिली.

सिलार्दचा नंबर लावला. व्यस्त. आज तो दिवसभर व्यस्तच असणार. बायका-पुरुष त्याला नावं सांगत असतील, आणि त्यातले काही जण, माझ्यासारखेच, झोपेतल्या आवाजात म्हणत असतील, आणखी कोण असणार. ट्राम आली. ती चढली नाही. पुन्हा लावला. व्यस्त.

नाव सांगितलं की काम गेलं, हे उघड होतं. पान राहील, पण बातमी पसरली की त्यावरचे लोक किती राहतील? ग्राझचा म्हातारा राहील कदाचित. आईची दाढ… तो विचार तिनं अर्ध्यावर सोडला. या सगळ्याची भीती होतीच, सकाळी होती तेवढीच, तसूभरही कमी झाली नव्हती. रक्ताची तर होतीच. पण सकाळपासून ती भीत होती ती कुणाला तरी कळेल म्हणून. आता फोन कानाला धरून, पलीकडे पहिल्यांदाच घंटी वाजू लागलेली ऐकत उभी असताना तिच्या ध्यानात आलं, की आपल्याला सगळ्यांत जास्त भीती सिलार्दची वाटत नाहीये. वाटतेय ती त्या झोपेतल्या, कंटाळलेल्या, चोख लागणाऱ्या आवाजाची. तो अजून इथेच होता, घशाशी, तयार. सिलार्द उचलेल, म्हणेल, बोल इल्दी, आणि तेव्हा ती स्वतः बोलेल की तो आवाज, हे तिला सांगता येत नव्हतं. ती ओठांवर ते नाव पुन्हा पुन्हा नुसतंच हलवत राहिली, आवाज न करता – गेर्गो, गेर्गो – आणि घंटी वाजत होती…