पुढचं कडवं

थांबा बे, जाऊ नका. बैलाच्या कुटाराच्या पोत्याखालून कोण बोलून राह्यलं म्हणता? मी बोलतो. तूफान बँडचा ढोल. जिंदगीभर मार खाऊन बोललो, आज बिना मारचा बोलतो. डोकं फिरलं म्हणून.

पवनारच्या जंगलूनं आंब्याचं खोड कोरलं, त्यावर बकऱ्याचं चामडं ताणलं, अन् आष्टीच्या बाजारात मले रूपरावच्या गळ्यात टाकलं. रूपराव म्हणजे बँडचा मालक. वाजवायच्या आधी तो कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवे अन् मले जाळावर धरे. चामडं तापलं का आवाज असा निघे, छातीत घुसे! "तापल्याशिवाय बोलू नोको," म्हणे मले.

क्लारनेट फुंके नत्थूजी. नवा सिनेमा लागला का हा वर्ध्याच्या टाकीजात जाये, एकाच दिवशी दोनदा पाहे, अन् परतीच्या यष्टीत अख्खं गाणं तोंडानं वाजवत येये. मधल्या म्युझिकसकट. कंडक्टर म्हणे, "नत्थूजी, गाण्याचं बी तिकीट काढा!"

मंग टाकीज बंद पडली. डीजे आला. लोकं म्हणाले लागले, तूफानचं तेच तेच. तेच तेच काय बे? याच गाण्यावर तुमचा बाप चिखलात लोळला होता!

अशातच नत्थूजीच्या पोराचं, अमरचं लग्न जमलं. बाप बँडात, अन् पोराले डीजे पाह्यजे.

"बाबा, पोट्टे नाचत नाई तुमच्या गाण्यावर."

"काऊन नाई नाचत? पाय मोडले का त्याईचे?"

शेवटी ठरलं. वरात दर्शनाले मारुतीच्या देवळापाशी थांबते, तिथपर्यंत बँड. पोट्टे नाचले तं पुढं मांडवापर्यंत बँडच. नाई नाचले तं मारुतीपासून डीजे. हेमराजची डीजेची गाडी देवळामागं तयारच राहीन.

"नवंच गाणं वाजवू," रूपराव म्हणे. "दाखवू याईले तूफान काय हाये ते."

अमरच्या मोबाइलात एक रील होती. पोट्टे दिवसभर तीच पाहे. हे दोघं म्हातारे मोबाइल मधात ठेवून बसले. गाणं संपे अन् आपोआप पुन्हा सुरू होये. संपे, पुन्हा सुरू.

"भजनाच्या धृपदासारखं हाये रे, गोल फिरते," नत्थूजी म्हणे.

"लहान हाये, पण जोरदार हाये," रूपराव म्हणे.

मलेही तसंच वाटलं. मी ढोल, मले काय समजते रील?

वरातीच्या दिवशी नवरदेवाच्या बापाच्या डोक्याले फेटा, अन् तोंडात क्लारनेट! सुरू केलं आमी. काय सांगू राजा, पोट्टे धावत आले. घोड्यावरून अमर वाकून वाकून पाहे. रूपराव असा हाणे का माह्या खोडाले कळ लागे. एक फेरा झाला, दुसरा झाला. मंग पुन्हा तेच. पुन्हा तेच. एक पोट्टं नाचता नाचता थांबलं.

"काका, पुढचं वाजवा ना."

"पुढचं कोणतं?"

"पुढचं कडवं, काका! खरं नाचाचं तं तिथंच येते."

नत्थूजीनं रूपरावकडं पाह्यलं. "एवढंच हाये ना बे हे?"

"बँड अटकला रे!" कोणीतरी बोंबललं. "याईचं नेट संपलं!"

सारे हासले. रूपराव भडकला, जुनं गाणं काढलं, मले फोडीन असा वाजवला. एकानं पाय उचलला नाई. तसेच उभे, हातात मोबाइल. तशातच मारुती आला. नत्थूजीनं क्लारनेट तोंडातून काढली, फेट्याच्या शेवानं पुसली, अन् हेमराजले हात केला, कर सुरू. दुसऱ्या कोणी नाई, नत्थूजीनंच. पोराच्या वरातीत पोट्टे उभे राह्यलेले त्याले पाहावले नाई.

जुनं वाजवलं तं म्हणता शिळं. नवं वाजवलं तं म्हणता अटकला. मंग म्हाताऱ्या बँडनं वाजवावं तरी काय? सांगा ना बे!

त्या दिवसापासून मी बैलाच्या या कोठ्यात हावो. चामडं सैल पडलं. पऱ्हाट्या आता चुलीतच जळते. रूपराव रोज येते, बैलायले कुटार टाकते, माह्याकडं पाहत नाई. तुमच्या घरी कोणी वाजवणारा म्हातारा असीन तं त्याले गाणं पुरं ऐकवजा. माहं तं होऊन गेलं.

काल गावात वरात होती. डीजे सुरू झाला, कोठ्याचे टिनं हालले, अन् माहं चामडं आपोआप थरथराले लागलं. कोणी हात लावला नाई, तरी मी वाजून राह्यलो. गाणं तेच, त्या रीलचं. पण आता पुरं. अन् मंग ते पुढचं कडवं आलं. सोपं होतं हो. अगदी सोपं. रूपरावनं एका बसणीत बसवलं असतं.

रूपराव बैलापाशी उभा होता. त्यानंही ऐकलं. त्याचे बोटं मांडीवर जराशे हालले. मंग तो माह्यापाशी आला, माहं थरथरणं पाह्यलं, अन् माह्यावर आखीन एक पोतं टाकलं.