सॅटिन हॅरियर्सचा दुबईतला कार्यक्रम

सत्त्याण्णवच्या जानेवारीत एका संध्याकाळी, दुबईच्या करामा भागातल्या फ्लॅटमध्ये इनेज नवऱ्याच्या पापण्यांना चंदेरी रंग लावून बघत होती. जेरार्ड दिवसा ऑफिसात बिलं करायचा आणि सुट्टीच्या दिवशी हॉटेलात गिटार वाजवायचा.

"हलू नकोस. वसईला तुझ्या आईने पाहिलं तर फादरना बोलावेल."

"ते सगळे असेच रंगायचे."

'ते' म्हणजे सॅटिन हॅरियर्स, इंग्लंडचा बँड. चकचकीत कपडे, वीतभर टाचांचे बूट. सत्तरच्या दशकात तीन वर्षं त्यांचीच हवा होती. बोटीवरच्या मामाने आणलेली त्यांची रेकॉर्ड ऐकून जेरार्ड गिटार शिकला. पुढे फॅशन बदलली, मंडळी भांडून पांगली. मूळचे दोघे उरले, ते आता हॉटेलांतून गात फिरत आणि दुबईनंतर थांबणार होते. त्यांचा गिटारवाला आजारी पडला, म्हणून हॉटेलच्या मॅनेजरने, खैरुद्दीनने, जेरार्डचं नाव सुचवलं. कार्यक्रम उद्याच होता. इतकी वर्षं घरात एकट्याने वाजवलेली गाणी एकदा त्यांच्याबरोबर वाजवायची, एवढंच जेरार्डला हवं होतं.

"डॅड, यू लुक लाइक अ फिश," कॅमिला दारातून म्हणाली.

फोन वाजला. खैरुद्दीन होता.

"चाँद दिख गया, जेरार्डभाई. शो खलास."

रमजान परवा लागेल, असं धरून त्याने तारीख घेतली होती. आता उद्यापासूनच हॉटेलात वाद्यं बंद, आणि बँड रात्रीच्याच विमानाने परत.

जेरार्डने रिसीव्हर ठेवला. इनेजने ओला टॉवेल आणून दिला. "निदान भेटून तरी ये."

तो परतला तेव्हा कॅमिला झोपली होती.

"भेटले?"

"एअरपोर्टला सोडून आलो. गायकाला वाटलं, मी हॉटेलचा ड्रायव्हर."

"मग सांगायचं नाही का, बावळटा?"

"सामान फार होतं. तेच उचलत बसलो."

मग त्याने वाटेतलं सांगितलं. सिग्नलला मागे बसलेला तो म्हातारा गायक आपलंच जुनं गाणं गुणगुणत होता. जेरार्डने खालचा सूर धरला. म्हातारा थांबला, आरशातून त्याच्याकडे बघत राहिला, आणि मग पहिल्या ओळीपासून मोठ्याने गायला लागला.

"म्हणजे गायलास त्याच्याबरोबर," इनेज म्हणाली. "पूर्ण गाणं?"

"अर्धं. पुढे मशीद आली, तेव्हा मीच त्याला गप्प केलं. नंतर काय, एअरपोर्टच आला."