तीन बोटं, दोन बिळं

पक्षी: तिबोटी खंड्या. ठिकाण: ओढ्याकाठचं घर, मागची खिडकी. तारीख: आजची. आणणारा: भावोजी.

ही चिठ्ठी मी फाडली.

मी संग्रहालयात मेलेले पक्षी सोलते, कापूस भरते आणि पायाला चिठ्ठी बांधते. त्यानंतर शंभर वर्षं पक्षी गप्प, चिठ्ठी बोलते. म्हणून ती फाडायची तर बांधायच्या आधी.

भावोजींनी सकाळी तो वर्तमानपत्राच्या पुडीतून काढून टेबलावर ठेवला. मुठीत मावेल एवढा. लाल चोच, डोक्यावर जांभळट झाक, पोट हळदीसारखं. मी आधी बोटं मोजली. नेहमीच्या छोट्या खंड्याला चार असतात. याला तीनच.

"काचेवर आपटला हो, मेहुणीबाई. माझ्या डोळ्यांदेखत! आता तुमच्या साहेबांचा कागद द्या, की रस्ता गेला दुसरीकडून."

रस्ता ओढ्यावरून येणार आहे. ओढा सिमेंटच्या नळात, ताईचं घर जमीनदोस्त. दुर्मिळ पक्षी तिथे राहतो असं ठरलं तरच वळण बदलेल, हे नोटिशीतच लिहिलंय. आणि नोटीस आल्यावर चौथ्याच दिवशी हे पाखरू नेमकं यांच्याच काचेवर.

पोट उघडलं. आत बर्फाचा खडा.

"भावोजी, आज सकाळी मेलेल्याच्या पोटात बर्फ?"

"थंडी पडतेय हो हल्ली."

त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

ते गेल्यावर मी कपाटातला खण ओढून आमचे तिबोटी मोजले. अकराच्या अकरा होते. आमच्या पक्ष्यांच्या पोटांत कापूस असतो, बर्फ नाही, हे खण बंद करताना सुचलं. संशय आला की अक्कल गहाण पडते.

मग ताईला फोन. सहा महिने आमचा अबोला. कारण विचारू नका, आम्हालाही आठवत नाही.

"मीच ठेवला फ्रीजरमध्ये, वाटाण्याच्या पिशवीत. पंधरा दिवस झाले. तुला लागतात ना असली मढी. फोन करणारच होते."

"मग केला का नाहीस?"

"तू का नाही केलास?"

तारीख: पंधरा दिवसांपूर्वीची. ठिकाण: तेच. तिथे राहतो का:

इथे पेन अडलं. हे पक्षी जागा बदलताना रात्री उडतात आणि काचेवर आपटतात. मेला म्हणजे तिथला होता असं नाही, वाटसरूही असेल. राहतो म्हणायचं तर बीळ हवं.

दुपारी मी ताईकडे गेले. भावोजी दारातच. "बीळ ना? चला, दाखवतो!"

मी बीळ हा शब्द अजून उच्चारलाही नव्हता.

काठाच्या मातीत, छातीच्या उंचीवर, वाटी ठेवून आखल्यासारखं गोल भोक. मी नाक लावलं. ओल्या मातीचा वास, बाकी काही नाही. खंड्या घर झाडत नाही. पिल्लं असली की बिळाला घाण सुटते. शिवाय आत-बाहेर करताना पाय घासून तोंडाशी दोन चर पडतात. इथे चर नव्हते. भावोजींच्या नखांत मात्र माती होती.

"कशानं खोदलंत?"

"काय?"

"माझी पळी कालपासून सापडत नाहीये," ताई मागून म्हणाली.

भावोजींनी हात पाठीमागे नेले. "पक्षी खरा आहे ना? मग थोडा हातभार लावला. हे घर मी स्वतः बांधलंय हो, वीट न् वीट."

"यांना सत्य कायमच अळणी लागतं," ताई म्हणाली. मग नाक मुरडून, "आणि वासच घ्यायचा असेल तर तो तिकडे आहे. धुण्याच्या दगडामागे. आठ दिवस सांगतेय, उंदीर मेलाय, जरा बघा. बघतील तर शपथ!"

दगडामागे, मुळांखाली, दोन बोटं जेमतेम जातील असं बीळ. तोंडाशी दोन चर. असा भपकारा आला की मी तोंड फिरवलं, आणि हसले.

दोरीवरच्या ओल्या चादरीआड आम्ही तिघं बसलो. पाऊण तासानं बारीक शीळ. ठिपक्याएवढं काहीतरी मुळावर टेकलं. चोचीत पाल, तिचं डोकं बाहेरच्या बाजूला. स्वतः खायचं असलं तर डोकं घशाकडे धरतात; बाहेर म्हणजे पिल्लासाठी. पुढच्या क्षणी ते आत.

"झालं!" भावोजी उठले आणि मातीचा गोळा घेऊन निघाले. "वरचं बुजवून टाकतो पटकन."

"हात लावू नका," मी म्हणाले.

"अहो, साहेब वरचं बघतील आणि म्हणतील, खालचंही यानंच केलं!"

खरं होतं. साहेब तर माझ्यावरही संशय घेतील, नातलग म्हणून. बुजवलं असतं तर कोणाला कळणार होतं? मला. मग त्या अकरा चिठ्ठ्यांकडे, मी बांधलेल्या प्रत्येक चिठ्ठीकडे, मी कशी बघणार होते?

तिथे राहतो का: होय, पिल्लं आहेत. शेरा: वरचं बीळ भावोजींनी पळीनं खोदलं. खालचं खंड्यानं. मी या घरची नातलग आहे. साहेबांनी स्वतः येऊन वास घ्यावा.

साहेब दुसऱ्या दिवशी आले. वरच्या बिळाला नाक लावलं, भावोजींकडे बघितलं. खालच्याला लावलं, रुमाल काढला. मग चादरीआड तासभर बसले, घड्याळाकडे कमी आणि आमच्या हातांकडे जास्त बघत. शीळ आली तेव्हा बघणं थांबलं. धुण्याच्या दगडावर कागद ठेवून त्यांनी सही केली.

"पळी लिहायलाच हवी होती का?" भावोजी माझ्या कानात पुटपुटले.

साहेबांनी ऐकलं. "पळी लिहिली नसती," ते म्हणाले, "तर मी बसलोच नसतो."

"ते सगळं राहू दे," ताई म्हणाली. "पळी आहे कुठे?"